कोकणातील लहान शेतकरी आणि सिंचनाच्या पाण्याचे पैसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अशा शेतकऱ्यांचे आहेत, ज्यांची दुबार पिकाखालची जमीन पाच-दहा गुंठ्यांपासून फार तर दोन-तीन एकरांपर्यंत असते. उत्तरे लिहिणारा दापोली तालुक्यातील एका वाडीच्या सामाईक पंपाचा हिशेब ठेवतो. त्यामुळे काही उत्तरांत नियमांपेक्षा अनुभव अधिक आलेला आहे.

कोकणात एवढा पाऊस पडतो, मग पाण्याला पैसे कशासाठी मोजायचे?

पाऊस पडतो हे खरे आहे. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस होणारी गावे कोकणात पुष्कळ आहेत. मात्र त्यातील बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते, सह्याद्रीच्या उभ्या उतारावरून आणि जांभ्याच्या कातळावरून खाली धावते आणि खाडीला मिळते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे जे पाणी मुरते तेही फार काळ थांबत नाही, आणि दिवाळीत खळाळणारा पऱ्या (लहान ओढा) शिमग्याला कोरडा पडतो. म्हणून आपण पैसे देतो ते पाण्याला नव्हे, तर पावसाळ्यातील पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या वाफ्यापर्यंत आणून देणाऱ्या व्यवस्थेला देतो. बंधाऱ्याच्या फळ्या, पंप, पाइप, कालव्याची दुरुस्ती आणि हे सगळे सांभाळणारा माणूस, अशी ती व्यवस्था असते. ‘पाणी देवाचे, त्याला पैसे कसले’ असे वाडीच्या बैठकीत कोणी म्हटले तर त्याच्याशी वाद घालू नये. पाणी देवाचेच आहे, पाइप मात्र दुकानातून आणावा लागतो.

पाणीपट्टी, वर्गणी आणि तासाचे पैसे यांत फरक काय?

शासनाच्या धरणातून, कालव्यातून किंवा अधिसूचित नदीवरून मंजुरीने घेतलेल्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाकडे भरावयाची रक्कम म्हणजे पाणीपट्टी. वर्गणी ही वाडीने किंवा गावकीने आपापसांत ठरवलेली असते. वनराई बंधाऱ्यासाठी, म्हणजे ओढ्यावर मातीच्या पोत्यांनी घातलेल्या तात्पुरत्या बांधासाठी, सिमेंटची रिकामी पोती आणणे, सामाईक पंपाची मोटर बांधून घेणे अशा कामांना ती लागते आणि तिचा काही भाग अंगमेहनतीने फेडण्याचीही रीत आहे. तासाचे पैसे हा विहीरमालक आणि शेजारी यांच्यातील व्यवहार असून तो बहुधा तोंडी असतो. एकाच शेतकऱ्याला तिन्ही प्रकारचे पैसे द्यावे लागतात असेही घडते. अशा वेळी तिन्हींची नोंद एकाच वहीत ठेवावी, कारण पीक परवडले की नाही हे तिन्हींच्या बेरजेवरूनच कळते.

‘चांगले पाणी’ म्हणजे नेमके काय? जास्त पैसे कशासाठी द्यावेत?

बहुतेक शेतकरी प्रथम ‘जास्त पाणी’ असे उत्तर देतात. थोडा वेळ बोलत राहिले की मुद्दा दुसराच निघतो. कलिंगडाच्या वेलाला फळ धरल्यानंतर दहा दिवस पाणी मिळाले नाही, तर आधी दिलेले सगळे पाणी आणि त्यासाठी दिलेले सगळे पैसे वाया जातात. म्हणून पाण्याचे मोल प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरते : पाण्याची पाळी ठरलेल्या दिवशी येते का, पीक हाती येईपर्यंत पाणी टिकते का, आणि ते गोडे आहे का. माझ्या मते जास्त पैसे पहिल्या दोन गोष्टींसाठी द्यावेत. पाण्याचे प्रमाण थोडे कमी असले तरी शेतकरी त्या मानाने क्षेत्र कमी करू शकतो. पाळीचा भरवसा नसला तर मात्र त्याला काहीच ठरवता येत नाही, आणि तो कुळीथ किंवा पावटा टाकून अंगओलीवर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर, जे येईल ते घेतो.

आमच्या वाडीतील एक आजी दर बैठकीला एकच वाक्य म्हणत असत : “पैसे देते रे बाबा, पण पाणी कधी येणार ते आधी सांग.” त्यांचा वाफा पाइपच्या शेवटच्या टोकाला होता आणि त्यांची पाळी पुष्कळदा रात्री अडीचला लागत असे. पाळी सकाळी सातला बांधून दिल्यावर त्यांनी वाढीव वर्गणीबद्दल एकदाही तक्रार केली नाही.

माझ्या दहा गुंठ्यांना किती पाणी लागते आणि त्याला किती पैसे परवडतात?

हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा, कारण दुसऱ्याच्या आकड्यावर ठरवलेला दर कधीच पचत नाही. रीत सोपी आहे. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १०१ लिटर. भाजीपाला किंवा कलिंगडासाठी भर वाढीच्या काळात दिवसाला ५ मिलिमीटर गरज धरली, तर १० गुंठ्यांना दररोज साधारण ५,००० लिटर पाणी लागते. लागवडीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत गरज यापेक्षा कमी असते आणि मार्चच्या उन्हात ती वाढते. ८० दिवसांच्या पिकासाठी सरासरी तीच धरली तर एकूण गरज सुमारे ४ लाख लिटर होते.

आता समजा, तुम्ही ज्या पंपावरून पाणी घेता तो तासाला २०,००० लिटर पाणी देतो आणि तासाचा दर १५० रुपये आहे. हा दर केवळ उदाहरणासाठी घेतला आहे, तेथे तुमच्या वाडीतील दर घालावा. ठिबक असेल आणि नासाडी अगदी थोडी असेल, तर ४ लाख लिटरसाठी २० तास, म्हणजे ३,००० रुपये लागतील. मातीच्या उघड्या पाटाने पाणी नेले आणि निम्मे वाटेतच मुरले, तर त्याच पिकाला ४० तास, म्हणजे ६,००० रुपये. हा दुपटीचा फरक दरामुळे पडलेला नाही, तो पाटाने पाडलेला आहे. म्हणून विहीरमालकाशी तासामागे दहा रुपयांसाठी घासाघीस करण्यापूर्वी पाटाच्या जागी पाइप टाकल्यास काय वाचेल ते पाहावे. जांभ्याच्या मातीत आणि किनाऱ्यावरील पुळणीच्या वाळूत निम्म्याहूनही अधिक पाणी पाटातच जिरलेले मी पाहिले आहे.

परवडण्याची मर्यादा ठरवताना पिकाच्या एकूण विक्रीतून बियाणे, खत, मजुरी आणि वाहतूक वजा करावी आणि जी रक्कम उरेल तिच्यातून पाण्यासाठी किती द्यायचे ते पाहावे. घरच्या माणसांची मजुरी धरायची नाही अशी आपल्याकडे सवय आहे. ती न धरता काढलेला नफा फसवा असतो.

पंप तासाला किती पाणी देतो हे कसे ओळखावे?

पंपावरील पाटीवर अश्वशक्ती लिहिलेली असते, पाणी नव्हे. २० मीटर उंचीवर पाणी उचलायचे असेल तर ३ अश्वशक्तीचा चांगला पंप तासाला साधारण २०,००० लिटर देतो, पण उंची वाढली, फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला किंवा विजेचा दाब कमी पडला की हा आकडा झपाट्याने उतरतो. म्हणून प्रत्यक्ष मोजावे. २०० लिटरचा रिकामा पिंप आपल्या वाफ्याच्या तोंडाशी, विहिरीजवळ नव्हे, उभा करावा, पाइपचे तोंड त्यात सोडावे आणि मोबाइलवर सेकंद मोजावेत. पिंप ३६ सेकंदांत भरला तर तासाला २०,००० लिटर पाणी येत आहे. ७२ सेकंद लागले तर १०,०००. दुसऱ्या स्थितीत तुम्ही तासाचे पूर्ण पैसे देऊन अर्धा तासच पाणी घेत आहात. हे मोजमाप जानेवारीत एकदा आणि मार्चमध्ये पुन्हा करावे, कारण विहिरीची पातळी उतरली की उचल वाढते.

शेतीपंपाची वीज मोफत झाली, तरी शेजारी तासाचे पैसे तेवढेच घेतो. हे योग्य आहे का?

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि योजनेची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे. त्यामुळे पूर्वी वीजबिल धरून ठरवलेला दर पुन्हा बोलून ठरवण्याची मागणी करणे गैर नाही. परंतु विहीरमालकाचा खर्च केवळ विजेचा नसतो. कातळ फोडून विहीर खणण्याचा खर्च, मोटर जळाल्यास ती पुन्हा बांधून घेणे, पाइप, आणि रात्री-अपरात्री पंप चालू-बंद करणाऱ्याचे श्रम यांचे मोल राहतेच. डिझेल इंजिनावर पाणी देणाऱ्यांना तर ही सवलत लागूच नाही. त्या व्यवहारात डिझेल घेणाऱ्याने आणायचे आणि इंजिनाचे भाडे वेगळे द्यायचे, ही पद्धत दोघांनाही सोयीची पडते.

मोफत विजेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बिल येत नाही म्हणून पंप बंद करण्याची घाई कोणाला नसते आणि एकाच पऱ्याच्या कडेला असलेल्या विहिरी एकमेकींचे पाणी ओढतात. विजेची किंमत शून्य झाली म्हणून पाण्याची किंमत शून्य होत नाही, ती खालच्या वाडीतील विहिरीला मोजावी लागते.

माझी जमीन कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे. पाणी मागण्याची पद्धत काय आहे?

प्रत्येक हंगामापूर्वी जलसंपदा विभाग जाहीर प्रकटन काढतो आणि त्यानुसार नमुना क्रमांक ७, किंवा पिकाच्या प्रकाराप्रमाणे ७ (अ) वा ७ (ब), भरून शाखा कार्यालयात मुदतीत द्यावा लागतो. सिंचनाचे हंगाम असे मानले जातात : खरीप १ जुलै ते १४ ऑक्टोबर, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, आणि उन्हाळी १ मार्च ते ३० जून. मागील थकबाकी भरलेली असणे ही सर्वसाधारण अट असते. आकारणीचे दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. हे प्राधिकरण २००५ च्या कायद्याने स्थापन झाले. उन्हाळी हंगामाचा दर सर्वांत जास्त असतो, आणि मूळ पाणीपट्टीवर २० टक्के स्थानिक उपकरही लागतो. त्यामुळे बिलातील आकडा अपेक्षेपेक्षा जास्त दिसला तर प्रथम हा उपकर आणि थकबाकी वेगळी करून पाहावी.

कोकणातील काही कालव्यांचे पाणी मुळात वीजनिर्मितीनंतर सुटलेले पाणी आहे, हे लाभधारकाने ध्यानात ठेवावे. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून काळ प्रकल्पाच्या कालव्यांना मिळते. कर्जतचा राजनाला भिवपुरीच्या केंद्रातून येणाऱ्या पाण्यावर चालतो आणि तेथील उन्हाळी भाताचा आधार तोच आहे. अशा ठिकाणी पाळीचे वेळापत्रक ओढ्यावरच्या बंधाऱ्यासारखे वाडीच्या हातात नसते. म्हणून रोप टाकण्यापूर्वी शाखा कार्यालयातून आवर्तनांच्या (कालव्यात पाणी सोडण्याच्या) तारखा लिहून घ्याव्यात.

पाणी वापर संस्था केल्याने दर कमी होतो का?

केवळ दरासाठी संस्था करू नये. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याखाली स्थापन झालेल्या संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून दिले जाते आणि ते सभासदांत कसे वाटायचे, कोणते पीक घ्यायचे हे सभासद ठरवतात. पीक आणि क्षेत्र यांवर आकारणी होते तेव्हा पाणी वाचवणाऱ्याला काहीच मिळत नाही. मोजून घेतलेले पाणी वाचवले तर तेवढ्याच पैशात अधिक गुंठे भिजतात. संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या मुख, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांतील शेतकऱ्यांना स्थान असते. कागदावर लहानशी दिसणारी ही तरतूद माझ्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत कामाची गोष्ट आहे.

कोकणातील अडचण वेगळी आहे. लाभक्षेत्र डोंगरउतारावर तुकड्या-तुकड्यांनी पसरलेले असते, निम्मे खातेदार मुंबईत असतात आणि बैठकीला गणसंख्या भरत नाही. ज्या वाड्या गणपतीत किंवा शिमग्यात, चाकरमानी गावी असताना वार्षिक सभा ठेवतात, त्यांचे काम पुढे सरकते.

आमच्या टोकापर्यंत पाणी पोचत नाही. तरीही पाणीपट्टी भरावी का?

मंजुरी घेतली आणि पाणी मिळाले नाही, तर पट्टी थकवून गप्प बसण्यापेक्षा त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. थकबाकीदार म्हणून नाव लागले की पुढच्या हंगामाचा अर्ज अडतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते. तक्रारीत पाळीची तारीख, वेळ, चारीचा (कालव्यातून शेतापर्यंत येणाऱ्या पाटाचा) क्रमांक आणि किती गुंठे कोरडे राहिले हे लिहावे. मोबाइलवर काढलेले कोरड्या चारीचे छायाचित्र जोडावे. एका हंगामात माझ्याच हातून ही चूक झाली : मी तीन वेळा तोंडी सांगितले, मोजणी करणारा माणूस बदलला आणि न मिळालेल्या पाण्याचे बिल आले. हाती कागद नव्हता, त्यामुळे ते भरावे लागले.

जेथे वाटप संस्थेच्या हाती आहे तेथे पाणी शेपटाकडून डोक्याकडे द्यावे. टोकाचा शेतकरी आधी भिजला की वरच्या शेतकऱ्याला आपली पाळी येईपर्यंत चारी नीट राखावीच लागते.

वाडीच्या बैठकीत सगळे वाढीव वर्गणीला हो म्हणतात, पण वेळेवर कोणी पैसे देत नाही. असे का होते?

कारण प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. ‘चांगले पाणी मिळाले तर किती द्याल?’ असे चारचौघांत विचारले की कोणी भिडेपोटी मोठा आकडा सांगतो, तर कोणी हा आकडा पुढे आपल्यावर लादला जाईल म्हणून मुद्दाम लहान सांगतो. काही जण शून्य म्हणतात, पण त्याचा अर्थ त्यांना पाणी नको असा नसतो. मागच्या वेळी घेतलेल्या वर्गणीचा हिशेब मिळाला नाही, हा राग त्या शून्यात असतो. हे तिन्ही आकडे एकत्र करून सरासरी काढली तर ती कोणाच्याच मनातली नसते.

आमच्याकडे पहिल्या वर्षी चौदा खातेदारांनी हात वर केले आणि पाच जणांनी पैसे दिले. दुसऱ्या वर्षी आम्ही घरोघर जाऊन एकट्या-दुकट्याला विचारले, आणि आकडा विचारण्याऐवजी व्यवहार पुढे ठेवला : “१ डिसेंबर ते ३१ मार्च, आठवड्याला दोन पाळ्या, प्रत्येक पाळीला एक तास, सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेतच. एवढ्याला एवढे पैसे. हवे की नको?” काही घरांत कमी दर सांगून पाहिला, काही घरांत जास्त. कोणत्या दराला किती घरे ‘हो’ म्हणतात हे कागदावर मांडल्यावर दर आपोआप दिसला. ‘हो’ म्हणणाऱ्याकडून चौथा हिस्सा तेथेच घेतला, आणि पाळी चुकली तर त्या पाळीचे पैसे परत, असे लिहून दिले. त्या हंगामात दोन पाळ्या चुकल्या आणि दोन्हींचे पैसे परत केले. वसुलीवर सर्वांत जास्त परिणाम या परताव्याचा झाला.

घरात विचारताना बाईमाणसांनाही वेगळे विचारावे. भाजीच्या वाफ्याला पाणी घालणे बहुतेक घरांत त्यांच्याकडे असते, आणि पाळीची वेळ, कळशीचे अंतर, रात्री रानात जाण्याची भीती यांचे मोल त्या जसे सांगतात तसे पुरुष सांगत नाहीत.

सातबारावर अठरा नावे आहेत. अर्ज आणि पैसे कोणी द्यायचे?

कसणाऱ्याने द्यावेत, हे व्यवहाराचे उत्तर आहे. कागदाचे उत्तर मात्र सहहिस्सेदारांच्या संमतीपत्राशिवाय पुढे सरकत नाही. नवीन वीजजोडणी, सौर पंप, ठिबक अनुदान यांसाठी संमतीपत्र मागितले जाते. त्यामुळे सगळे भाऊबंद गावी आलेले असताना एकदाच सह्या घेऊन ठेवाव्यात. संमतीपत्रात ‘पाण्याच्या वापरापुरती संमती, हिस्स्यावर परिणाम नाही’ असे स्पष्ट लिहिले तर निम्मी भाऊबंदकी तेथेच शमते. वाटप होईपर्यंत विहीर खणायची थांबवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची वाट अजून सरलेली नाही.

शेजारी त्याच्या शेतातून पाट किंवा पाइप नेऊ देत नाही. उपाय आहे का?

आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ खाली दुसऱ्याच्या जमिनीतून पाट वा पाइप नेण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेजाऱ्याला भरपाई द्यावी लागते आणि पाइप जमिनीखाली शक्यतो अर्धा मीटर खोल पुरावा लागतो. पूर्वीपासून चालू असलेला पाट कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा मार्ग असतो. तरीही आधी गावकीत बसून पाहावे. पाइपला त्याच्या बांधावर एक तोटी काढून दिली की बरेच विरोध मावळतात, आणि त्या तोटीचे पाणी मोजून द्यावे, फुकट देऊ नये.

खाडीजवळची विहीर मार्चनंतर मचूळ होते. अशा पाण्याला पैसे द्यावेत का?

मोजल्याशिवाय देऊ नयेत. किनाऱ्यालगत गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ नियम असा की समुद्रपातळीच्या वर असलेले गोडे पाणी एक फूट उतरले तर खालची खारी सीमा सुमारे ४० फूट वर सरकू पाहते. म्हणून मोठा पंप लावून विहीर तासाभरात उपसणे हा गोडे पाणी घालवण्याचा हमखास मार्ग आहे. लहान पंप, थोडा वेळ आणि मध्ये विश्रांती ही रीत किनाऱ्यावर बरी. आगरातील जुन्या रहाटांना हे आपोआप साधत असे, कारण बैल दमत असे.

पाण्याचा नमुना मातीपरीक्षण प्रयोगशाळेत देऊन विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातील क्षारांचे माप, काढून घ्यावी. ती ०.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर क्षारांची अडचण नाही, ३ च्या वर गेली तर बहुतेक भाज्यांना ते पाणी घालू नये. कांदा आणि घेवडा लवकर दगा देतात, नारळ पुष्कळ सोसतो. तासाचा दर ठरवतानाच, मचूळपणा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर व्यवहार थांबेल, अशी अट घालावी. खार जमिनीचा (खाडीकाठच्या, भरतीपासून राखलेल्या शेतीचा) बांध फुटून भरतीचे पाणी आत येत असेल, तर विहिरीवर पैसे घालण्यापूर्वी बांधाचे काम हाती घ्यावे.

ठिबकच्या तोट्या एका हंगामातच बंद पडल्या. संच खराब होता का?

बहुधा पाणी लोहयुक्त असावे. जांभ्याच्या प्रदेशातील विहिरींच्या पाण्यात लोह असते. ते हवेशी संपर्क आल्यावर तांबूस गाळ होऊन बसते. माझ्या पहिल्या संचातील तोटी ब्लेडने कापून पाहिली तेव्हा आत काव लावल्यासारखा बुळबुळीत लाल थर निघाला. विकणाऱ्याने पाण्याची चौकशी न करता केवळ जाळीचा फिल्टर दिला होता. अशा पाण्यासाठी आधी उंचावर टाकी घ्यावी, पाणी तिच्यात वरून पडू द्यावे, रात्रभर निवळू द्यावे आणि मग वाळूच्या फिल्टरमधून सोडावे. उपनळ्यांची टोके दर पंधरा दिवसांनी उघडून धुवावीत.

खर्चाविषयी : ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेच्या पूरक अनुदानासह ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर होतो. पूर्वसंमती मिळण्यापूर्वी संच खरेदी करू नये. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के असतो, आणि अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो.

सड्यावर (कातळाच्या पठारावर) विहीर लागत नाही. नव्या आंब्याच्या कलमांना टँकरने पाणी घालणे परवडते का?

दोन-चार कलमांपुरते परवडते, बागेला नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सुचवलेले जलकुंड येथे उपयोगी पडते. ५ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल खड्ड्याला जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर, भिंती उभ्या धरल्यास, ५०,००० लिटर पाणी मावते. दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर पाच महिन्यांत सुमारे १९,००० लिटर उडून जाते, म्हणून वर नारळाच्या झावळांचा मांडव घालावा. मांडव नसला तरी ३१,००० लिटर उरतात. प्रत्येक कलमाला आठवड्याला १० लिटर या हिशेबाने २५ आठवडे १२० कलमे निघतात, आणि १० बाय १० मीटर अंतरावर एका हेक्टरात कलमे १०० च लागतात. कागदाच्या किमतीची तुलना टँकरच्या खेपांशी करावी. बहुतेक ठिकाणी पहिल्याच उन्हाळ्यात निकाल लागतो.

फळावर आलेल्या झाडांची गोष्ट वेगळी आहे. फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने प्रत्येक झाडाला १५० ते २०० लिटर पाणी तीन-चार वेळा द्यावे आणि काढणीपूर्वी महिनाभर बंद करावे. त्यासाठी जलकुंड पुरत नाही, विहीर किंवा पऱ्यावरचा बंधारा लागतो.

वायंगणी (उन्हाळी) भातासाठी विकतचे पाणी घ्यावे का?

विहिरीवरून तासाच्या दराने घेऊ नये. खाचरात उभे ठेवलेले पाणी आणि मुरणारे पाणी धरले तर भाताला भाजीपाल्याच्या कितीतरी पट पाणी जाते. कालव्याचे पाणी असेल किंवा मळ्याच्या जमिनीत ओल टिकत असेल तरच वायंगण करावे.

या सगळ्याची सुरुवात वर्षातील कोणत्या महिन्यात करावी?

एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात, पाणी सर्वांत खाली असताना. दिवाळीत विहीर तुडुंब दिसते आणि त्या भरात सगळे ठरते, पुढे फेब्रुवारीत भांडणे होतात. मेमध्ये गावी आलेल्या मंडळींना विहिरीवर नेऊन तळाशी उरलेले पाणी दाखवावे, दोरीला गाठ मारून खोली मोजावी आणि विहिरीच्या आतील बांधकामावर ऑइलपेंटची आडवी रेघ मारून शेजारी वर्ष घालावे. ऑक्टोबरमध्ये बंधाऱ्याच्या फळ्या घालण्यापूर्वी पाळ्यांची यादी आणि नमुना क्रमांक ७ पुरे करावेत, नोव्हेंबरमध्ये पोती भरावीत. आमच्या विहिरीत अशा सहा रेघा आहेत, त्यांतली सर्वांत खालची रेघ ज्या वर्षाची आहे तेवढेच पाणी धरून आम्ही पुढच्या हंगामाचे गुंठे वाटतो.